घरी इंजेक्शन तयार करताना: फिल्टर, सुई आणि सिरिंज यांची निर्जंतुकता

रुग्णालयातून घरी सोडताना रुग्णासोबत आता गोळ्यांप्रमाणे इंजेक्शनेही दिली जातात. इन्सुलिन तर वर्षानुवर्षे घरोघरी टोचले जाते. त्याखेरीज रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन, वंध्यत्वावरील उपचारांत रोज ठरावीक वेळी घ्यायची संप्रेरके, मुलांच्या वाढीसाठीचे ग्रोथ हॉर्मोन आणि क्वचित नर्सच्या देखरेखीखाली शिरेतून द्यायची प्रतिजैविके, अशी अनेक औषधे घरीच तयार करून घरीच दिली जातात. यांपैकी बरीचशी पावडरच्या रूपात येतात आणि सोबत दिलेल्या निर्जंतुक पाण्यात विरघळवून सिरिंजमध्ये भरावी लागतात. औषध कंपनीतून निर्जंतुक स्थितीत निघालेले असते. ते घरातल्या टेबलावर उघडल्यापासून शरीरात जाईपर्यंतच्या काही मिनिटांत तसेच कसे ठेवावे, याविषयी हा लेख आहे.

औषधाची कच्ची पावडर इंटरनेटवरून किंवा जिममधल्या ओळखीतून मिळवून, ती तेलात वा पाण्यात मिसळून आणि फिल्टरमधून गाळून घरीच इंजेक्शन बनवण्याचे प्रकार तरुणांमध्ये दिसतात. त्याची कृती या लेखात नाही, कारण घरच्या साधनांनी ते काम सुरक्षितपणे होतच नाही. ते का होत नाही हे मात्र पुढे सविस्तर सांगितले आहे. कारण फिल्टर काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे समजले, की डॉक्टरांनी दिलेले औषध हाताळतानाही कोणत्या क्षणी जपायचे हे आपोआप लक्षात येते.

निर्जंतुक म्हणजे किती निर्जंतुक

स्वच्छ, जंतू कमी केलेले आणि निर्जंतुक या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत. साबणाने धुतलेले भांडे स्वच्छ असते. स्पिरिटने पुसलेल्या टेबलावरचे बरेचसे जंतू मेलेले असतात, परंतु स्पिरिट बीजाणूंना, म्हणजे काही जंतूंच्या कणखर, सुप्त रूपाला, मारत नाही; धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू त्यातून सुखरूप निसटतात. निर्जंतुक म्हणजे जिवंत जंतू मुळीच नसणे, आणि औषधनिर्माणात उष्णतेने निर्जंतुक केलेल्या मालाकडून अपेक्षा अशी असते की एखाद्या बाटलीत जंतू राहण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून अधिक नसावी.

ही खात्री तयार माल तपासून मिळत नाही. एखाद्या घाण्यातील, म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या बॅचमधील, दर शंभर बाटल्यांपैकी एक बाटली दूषित आहे असे समजू. त्यातून २० बाटल्या उचलून त्या पोषक द्रवात १४ दिवस ठेवल्या, तरी एकही दूषित बाटली हाती न लागण्याची आणि संपूर्ण घाणा उत्तीर्ण ठरण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के असते. म्हणूनच कारखान्यात भर अंतिम चाचणीवर नसून प्रत्येक पायरीवर असतो: पाणी, हवा, कपडे, काच, रबरी बूच, तापमानाची नोंद. यातली एक पायरी चुकली तर काय होते हे इंग्लंडमध्ये १९७२ साली दिसले. प्लिमथ येथील डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात शिरेतून दिलेल्या डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या) द्रावणामुळे रुग्ण दगावले, आणि चौकशीत आढळले की ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, तळाशी हवा अडकून राहिल्यामुळे खालच्या बाटल्यांना पुरेसे तापमान मिळालेच नव्हते. अमेरिकेत २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधील एका कंपाउंडिंग फार्मसीने (मागणीप्रमाणे औषधे बनवून देणाऱ्या औषधालयाने) तयार केलेल्या स्टेरॉइडच्या वायलमध्ये, म्हणजे रबरी बुचाच्या छोट्या बाटलीत, बुरशी होती. मणक्यात ते इंजेक्शन घेतलेल्या ७५० हून अधिक लोकांना संसर्ग झाला आणि ६० हून अधिक मृत्यू झाले. दोन्ही ठिकाणी यंत्रसामग्री होती आणि प्रशिक्षित माणसेही होती.

घरी उकळणे हा आपल्याकडचा जुना उपाय. काचेच्या सिरिंजच्या काळात दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये सुया उकळत ठेवलेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. परंतु पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि बीजाणू त्या तापमानाला टिकून राहू शकतात. दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे ठेवावे तेव्हा ते नष्ट होतात. प्रेशर कुकरमध्ये तापमान त्या आसपास पोचते हे खरे, पण आतील सगळी हवा बाहेर गेली का, वस्तूच्या पोकळीत वाफ शिरली का आणि किती वेळ तापमान टिकले, हे दाखवणारे काहीही त्यावर नसते. शिवाय वस्तू ओलीच बाहेर निघते, आणि ओल्या वेष्टनातून जंतू सहज आत शिरतात. आज निर्जंतुक सिरिंज कोणत्याही औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळत असताना जुनी सिरिंज वा सुई उकळून वापरण्याचे काहीही कारण उरलेले नाही.

मल्कोवालचा चिमटा

साधनाची निर्जंतुकता म्हणजे काय, हे समजण्यासाठी याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही, आणि त्याचा संबंध मुंबईशी आहे. प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा परळला होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल गावी १०७ जणांना ती लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून, ५३-एन क्रमांकाच्या, लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक वगळून उष्णतेवर भर दिला होता, म्हणून संशय थेट परळच्या प्रयोगशाळेवर गेला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

प्रत्यक्षात त्या सकाळी बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून हलवला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. बाटलीतली लस शुद्ध होती. जमिनीतले बीजाणू चिमट्याबरोबर आत गेले. हाफकिन यांच्यावरील ठपका दूर व्हायला १९०७ साल उजाडले, आणि १९२५ साली त्याच संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

घरी इंजेक्शन भरणाऱ्या प्रत्येकाने या घटनेतून एक नियम पक्का करावा: खाली पडलेली, टेबलाला टेकलेली किंवा बोट लागलेली सुई बाद समजावी. ती स्पिरिटने पुसून वापरू नये, आणि सेव्हलॉन वा डेटॉलमध्ये बुडवून तर मुळीच वापरू नये. पाण्यात पातळ करून ठेवलेल्या जंतुनाशकांतही जंतू वाढल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

फिल्टर काय अडवतो

औषधनिर्माणात उष्णता सहन न होणारी द्रावणे ०.२२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या पातळ पटलातून गाळून निर्जंतुक करतात. एकेकाळी ०.४५ मायक्रॉनचे पटल त्यासाठी पुरेसे मानले जाई. १९६० च्या दशकात त्यातूनही पार होणारा एक अतिशय लहान जंतू सापडला आणि मोजमाप बदलले. आज ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा नावाचा तोच जंतू वापरून फिल्टरची परीक्षा घेतात: पटलाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक कोटी जंतू सोडले तरी पलीकडे एकही जाता कामा नये.

इतक्या कडक परीक्षेला उतरलेला फिल्टरही तीन गोष्टी अडवत नाही. विषाणू त्याच्या छिद्रांहून पुष्कळ लहान असतात. द्रवात विरघळलेली रासायनिक अशुद्धी, मग ती जड धातूंची असो वा अर्धवट झालेल्या रासायनिक प्रक्रियेची, सरळ पार होते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे एंडोटॉक्सिन, अर्थात काही जंतूंच्या आवरणातील विषारी घटक. जंतू मेला तरी हा घटक द्रवात राहतो, तो ०.२२ मायक्रॉनच्या पटलातून जातो, उकळल्याने किंवा ऑटोक्लेव्हनेही पुरता नष्ट होत नाही, आणि काचेच्या रिकाम्या बाटल्यांवरून तो घालवायला २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवावे लागते. इंजेक्शनानंतर तासाभरात हुडहुडी भरून ताप चढणे, रक्तदाब खाली जाणे, हा बहुधा त्याचा प्रताप असतो. उघड्यावर राहिलेल्या पाण्यात कच्ची पावडर कालवून गाळली, तर जंतू अडकतात आणि त्यांचे विष शरीरात जाते.

फिल्टर स्वतःही बिघडू शकतो. द्रव घट्ट असेल आणि लहान सिरिंजने जोर लावला, तर दाब इतका वाढतो की पटल फाटते, व ते डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यात गाळण्याचे काम झाल्यावर ओल्या पटलावर हवेचा दाब हळूहळू वाढवून बुडबुडे नेमके कोणत्या दाबाला येतात हे मोजतात, आणि पटल अखंड होते की नाही हे त्यावरून ठरवतात. घरी अशी खातरजमा होत नाही. वापरलेला फिल्टर पुन्हा वापरणे त्याहून वाईट, कारण ओल्या पटलावर अडकलेले जंतू वाढत वाढत दुसऱ्या बाजूला पोचू शकतात. आणि हे सर्व निभावले असे मानले तरी गाळलेला थेंब ज्या बाटलीत पडतो ती बाटली, तिचे रबरी बूच, मधली सुई आणि त्या खोलीतली हवा निर्जंतुक नसेल, तर गाळण्याचा काहीच उपयोग होत नाही.

बाजारात मिळणारे पुष्कळसे सिरिंज फिल्टर रासायनिक प्रयोगशाळांसाठी असतात. शंभराच्या डब्यात सुटे भरलेले, फक्त प्रयोगशाळेतील वापरासाठी असे छापलेले हे फिल्टर प्रयोगशाळेच्या कामाला उत्तम असतात, पण ते निर्जंतुक नसतात आणि शरीरात जाणाऱ्या द्रवासाठी बनवलेलेही नसतात. वैद्यकीय फिल्टर एकेकटा सीलबंद पाकिटात येतो, आणि त्यावर निर्जंतुक असल्याची खूण, निर्जंतुक करण्याची पद्धत, बॅच क्रमांक व मुदत छापलेली असते.

घरी औषध भरणाऱ्याला डॉक्टरांनी फिल्टर दिलाच, तर तो बहुधा जंतूंसाठी नसतो, हे ध्यानात ठेवावे. ॲम्प्यूलमधून, म्हणजे मान मोडून उघडायच्या सीलबंद काचेच्या कुपीतून, औषध ओढण्यासाठी ५ मायक्रॉनची फिल्टर सुई मिळते. ती काचेचे कण अडवते, जंतू नव्हे. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे औषध २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांच्या परिचयाचे झाले. त्याच्या काही पॅकमध्ये वायलसोबत ५ मायक्रॉनचा फिल्टर येतो. तेथे अधिक बारीक म्हणून ०.२२ चा फिल्टर लावला, तर औषधच पटलावर अडकून रुग्णाला मात्रा कमी मिळू शकते. दुधाळ दिसणारे इन्सुलिनही कधी गाळू नये. म्हणून नियम असा, की औषधाच्या माहितीपत्रकात किंवा डॉक्टरांच्या सूचनेत लिहिला असेल तोच फिल्टर वापरावा, आणि लिहिला नसेल तर आपल्या मनाने लावू नये.

फिल्टर सुईतून द्रव एकाच दिशेने न्यायचा असतो. ॲम्प्यूलमधून औषध त्या सुईने ओढावे, मग ती काढून टाकावी आणि नवी साधी सुई लावून इंजेक्शन द्यावे. त्याच सुईतून औषध बाहेर ढकलले तर अडकलेली काच थेट रुग्णात जाते.

टेबलापासून सिरिंजपर्यंत

जागा निवडताना स्वयंपाकघराचा ओटा आणि बेसिनजवळची जागा टाळावी. पाण्याचे बारीक शिंतोडे दूरवर उडतात, आणि नळाच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद म्हणता येतील असे काही जंतू असतात, जे त्वचेखाली गेल्यास चिवट गळू करतात. पंखा व एसी बंद करावा, दार लावावे, मांजर-कुत्रे बाहेर ठेवावे. टेबल साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे व मग ७० टक्क्यांच्या स्पिरिटने पुसून वाळू द्यावे. याहून तीव्र स्पिरिट अधिक चांगले काम करते हा समज चुकीचा आहे. जंतूच्या आतली प्रथिने गोठण्यासाठी थोडे पाणी लागते.

अंगठ्या व घड्याळ काढून हात साबणाने ४० ते ६० सेकंद चोळून धुवावेत, नखांच्या कडा व अंगठे विसरू नयेत, आणि धुतलेल्या कोरड्या कापडाने पुसावेत. त्यानंतर मोबाइल हातात आला तर हात पुन्हा धुवावेत. खोक्यातले साधे हातमोजे निर्जंतुक नसतात. ते घातल्याने हात धुण्यातून सुटका होत नाही.

पाकिटे उघडण्यापूर्वी वायल प्रकाशासमोर धरून पाहावी. तरंगणारे कण, अनपेक्षित गढूळपणा, तडा, सैल झालेले झाकण किंवा उलटलेली मुदत यांपैकी काहीही दिसले तर ती वापरू नये. सिरिंजचे पाकीट भिजलेले, फाटलेले वा डाग पडलेले असेल तर ते बाजूला ठेवावे. आतली वस्तू कारखान्यात इथिलीन ऑक्साइड वायूने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली असते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे आयसोमेड हे १९७४ पासूनचे केंद्र याच कामासाठी उभारलेले आहे. परंतु ती निर्जंतुकता पाकीट शाबूत असेपर्यंतच टिकते. पाकीट दोन्ही बाजू धरून सोलावे. सिरिंज दाबून कागद फोडून बाहेर काढण्याची सवय अनेकांना असते, तिने कागदाचे तंतू व त्यावरचे जंतू सिरिंजच्या तोंडाला लागतात.

वायलवरचे प्लॅस्टिकचे टोपण काढले की खालचे रबर निर्जंतुक असते, असे बहुतेकांना वाटते. ते टोपण धूळ बसू नये म्हणून असते, एवढेच. नवीन वायल असली तरी रबर स्पिरिटच्या ताज्या बोळ्याने किमान १५ सेकंद जोर देऊन चोळावे आणि पूर्ण वाळू द्यावे, त्याला साधारण अर्धा मिनिट लागते. वाळण्याच्या वेळातच स्पिरिट आपले काम करते. लवकर वाळावे म्हणून फुंकर मारणे किंवा हाताने वारा घालणे हे या साऱ्या खटाटोपावर पाणी सोडणे आहे. तोंडातले असंख्य जंतू त्या फुंकरीबरोबर रबरावर बसतात. कापसाचे बोळे डब्यात भिजवून ठेवू नयेत, दर वेळी कोरड्या कापसावर स्पिरिट ओतावे किंवा एकेकटी सीलबंद मिळणारी स्वॅब वापरावीत.

सिरिंज हाताळताना तीन जागांना स्पर्श होता कामा नये: सुई, सुई जेथे बसते ते सिरिंजचे टोक, आणि दट्ट्याच्या दांडीचा जो भाग नळीत शिरतो तो. तिसरी जागा अनुभवी माणसेही विसरतात. जेवढे पाणी काढायचे तेवढी हवा आधी बाटलीत सोडल्यास ओढताना जोर लागत नाही. सुई रबरात थोडी तिरकी टेकवून मग सरळ करत आत घातली की रबराचा तुकडा कापला जात नाही. पावडरच्या वायलमध्ये पाणी काचेच्या भिंतीवरून हळू सोडावे व वायल तळहातांत फिरवावी. जोराने हलवल्यास फेस होतो आणि संप्रेरकांसारखी नाजूक प्रथिने बिघडतात. विरघळवण्यासाठी पत्रकात लिहिलेलाच द्रव व तितकाच वापरावा. पिण्याचे उकळलेले पाणी, बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर किंवा फिल्टरचे पाणी यांपैकी कशालाही येथे स्थान नाही.

ॲम्प्यूल असेल तर टोकातले औषध टिचकी मारून खाली आणावे, मान स्पिरिटने पुसावी, कोरड्या गॉजमध्ये धरून आपल्यापासून बाहेरच्या दिशेने मोडावी आणि औषध लगेच ओढावे. उघडलेली ॲम्प्यूल नंतरसाठी ठेवता येत नाही. निर्जंतुक पाण्याच्या ॲम्प्यूललाही हेच लागू आहे, कारण त्यात जंतू वाढू न देणारे काही नसते. इन्सुलिनच्या वायलमध्ये तसे द्रव्य असते, म्हणून ती अनेक वेळा टोचता येते. तरीही उघडल्याची तारीख वर लिहावी आणि पत्रकातली मुदत, बहुतेक इन्सुलिनसाठी २८ दिवस, संपली की उरलेले औषध टाकून द्यावे. एकदा वापरलेली सुई वायलमध्ये पुन्हा घालू नये आणि एकाची वायल दुसऱ्याने वापरू नये, मग ते नवरा-बायको का असेनात.

इंजेक्शन दिल्यानंतर

सुईवर टोपण पुन्हा बसवू नये. जाड प्लॅस्टिकच्या, रुंद तोंडाच्या बरणीत ती तशीच टाकावी, बरणी तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून जवळच्या रुग्णालयाला किंवा दवाखान्याला विचारून तेथे द्यावी. ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटी सुई टाकली तर ती सफाई कामगाराच्या हातात घुसते.

टोचलेल्या जागी थोडी लाली व दुखणे एखाद-दोन दिवस राहू शकते. लाली पसरत जाणे, जागा गरम व टणक होणे, पू, थंडी वाजून ताप, जबडा आखडणे किंवा शिरेतून औषध दिल्यावर श्वास लागणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. एक प्रकार उशिरा उघड होतो: इंजेक्शननंतर तीन-चार आठवड्यांनी त्या जागी गाठ येते, फुटते, नेहमीच्या प्रतिजैविकांनी बरी होत नाही. अशा वेळी आठवडे लोटले असले तरी इंजेक्शनचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा, कारण वर सांगितलेल्या नळाच्या पाण्यातल्या जंतूंसाठी तपासणी आणि औषधे दोन्ही वेगळी असतात. जिममधून किंवा इंटरनेटवरून आणलेले काही टोचून घेतले असेल, तर संकोच न करता तेही सांगावे. डॉक्टरांना ते कळले नाही तर उपचाराची दिशाच चुकते.

जाताना वापरलेली वायल, तिचे खोके आणि उरलेला द्रव सोबत न्यावा. वायल धुऊ नये, झाकण बंद करून स्वच्छ पिशवीत शीतपेटीत ठेवावी. बॅच क्रमांक लिहून घ्यावा. औषधामुळेच त्रास झाल्याची शंका असल्यास डॉक्टरांमार्फत किंवा स्वतः १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या निःशुल्क क्रमांकावर नोंद करता येते, आणि त्या वेळी सर्वांत आधी बॅच क्रमांकच विचारला जातो.